म्हाताऱ्या कुत्र्याची शिकवणी

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण तिचा फटका बसतो कुत्र्यालाच. आठ-नऊ वर्षांचा झाला, आता काय शिकणार, असं म्हणून त्याला दिवसभर साखळीला बांधतात, नाहीतर खोडीसाठी मारतात. मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्यांविषयी अधिकाराने बोलावं ते पशुवैद्यकांनी. तरी हा विषय माझ्या टेबलापर्यंत येतो, कारण आमच्या सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी येणाऱ्यांत घरचाच कुत्रा चावलेलेही असतात. ‘इतकी वर्षं कुणाला काही केलं नाही, आज अचानक चावला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बहुतेक वेळा ते अचानक नसतं. वयाबरोबर कुत्र्याचे सांधे दुखतात, दात किडतात, नजर आणि कान मंदावतात. झोपेत असताना नातू अंगावर पडला की तो गुरगुरतो. आपण त्या गुरगुरण्याबद्दल फटका देतो. तो धडा मात्र तो पटकन शिकतो: गुरगुरायचं नाही. दुखणं तसंच राहतं, सूचना तेवढी बंद होते आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. म्हणजे म्हातारपणीही कुत्रा शिकतोच. प्रश्न आपण काय शिकवतो एवढाच आहे.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांना टचस्क्रीनवरची चित्रं नाकाने निवडायला शिकवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात म्हाताऱ्या कुत्र्यांना शिकायला जास्त वेळ लागला. पण ‘हे चित्र चुकीचं, म्हणजे दुसरं बरोबर’ अशा तर्कात तीच तरुणांपेक्षा सरस ठरली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा शिकलेलं लक्षात ठेवण्यात वयाचा फरक दिसला नाही. पक्षाघातानंतर सत्तरीतला माणूस डाव्या हाताने जेवायला शिकतो, तेव्हा त्याला कुणी शेपटाची म्हण ऐकवत नाही. आपण जास्त सराव करून घेतो, इतकंच.

शिकवण्याआधी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. ‘बस’ म्हटल्यावर न बसणारा कुत्रा हट्टी नसून त्याचा खुबा दुखत असू शकतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरत असतील तर खाली सतरंजी घाला. दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याला ती विषारी ठरू शकते.

शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. एका वेळी एकच गोष्ट, आणि घरातल्या सगळ्यांनी तिला एकच शब्द वापरायचा. आजी ‘खाली’ म्हणणार आणि मुलगा ‘सिट’, तर त्यात कुत्र्याचा काय दोष? हवं ते केल्यावर एक-दोन सेकंदांत खाऊ द्या. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. कांदा-लसणाच्या रश्श्यातला नको, मनुका तर अजिबात नको. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा, कारण म्हाताऱ्या सांध्यांना वाढतं वजन पेलत नाही.

शब्दाबरोबर हाताची खूणही शिकवा, आणि ती कान शाबूत असतानाच. पुढे ऐकू येईनासं झालं तरी खूण उपयोगी पडते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ‘जागेवर जा’ ही आज्ञा. लहान मूल रांगत आलं की कुत्र्याने आपल्या अंथरुणावर जायचं आणि तिथे त्याला कुणीही हात लावायचा नाही. यातला दुसरा अर्धा भाग मुलांना शिकवावा लागतो, आणि माझ्या अनुभवाने तोच अवघड जातो.

शिकलेलं सगळं विसरू लागला, ओळखीच्या घरात कोपऱ्यात अडकून उभा राहिला, रात्रभर येरझारा घालून दिवसा झोपू लागला, तर शिकवणी थांबवा. माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा आजार कुत्र्यांनाही होतो, आणि त्यावर पशुवैद्यक औषध देऊ शकतात.

आणि एवढं करूनही दात लागलाच, तर ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी लसीसाठी या.