एकाच दरीत चार दिवस



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे युरोपच्या सहलींची चर्चा सुरू होते. बारा दिवसांत पाच-सहा देश, त्यात स्वित्झर्लंडला दोन रात्री. सकाळी रेल्वेने युंगफ्राऊयोखला, ३४५४ मीटर उंचीवर जायचे, बर्फात फोटो काढायचे आणि खाली उतरून पुन्हा बस धरायची. १९१२ साली सुरू झालेली ही रेल्वे पाहण्यासारखी आहेच. पण तिच्या पायथ्याच्या लाउटरब्रुनेन दरीत निदान चार दिवस राहणार नसाल, तर एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

"पुन्हा कधी जाणार, एकदाच सगळे बघून घ्यावे," असे म्हणतात. मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडते. रोज हॉटेल बदलले की सुट्टीचा मोठा भाग बॅगा भरण्यात आणि बसमध्ये जातो. पैसे मात्र पूर्ण दिवसाचे मोजावे लागतात.

ही दरी घाईत दिसत नाही. सुमारे ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबाख धबधबा गावातूनच दिसतो. तिथून श्टेखेलबर्गपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. साठीनंतरचे गुडघेसुद्धा कुरकुरत नाहीत. वाटेत ट्रुमेलबाखचे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. हिमनद्यांचे पाणी तिथून सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत वाहते. वर वेंगेन आणि म्युरेन ही गावे मोटारींविना आहेत.

प्रत्येक ऋतूची तऱ्हा वेगळी. मेमध्ये खाली कुरणे फुलतात, पण उंचावरच्या वाटा बर्फाखालीच असतात. डोंगरात चालायचे तर जुलै ते सप्टेंबर बरा. तेव्हा गाई वरच्या कुरणांत असतात. हिवाळ्यात ट्रुमेलबाख बंद असते. मात्र स्कीइंग न येणाऱ्यांसाठीही बर्फातून चालायच्या वाटा केलेल्या असतात.

आपल्या नियमांचेही जमते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. जूनमध्ये सूर्यास्त नऊनंतर होतो, त्यामुळे चौविहार सहज पाळता येतो. डिसेंबरमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून जेवण लवकर उरकावे. तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपले साधू-साध्वी चातुर्मासात एकाच ठिकाणी राहतात, कारण पावसाळ्यात जीवजंतू फार असतात आणि फिरण्याने हिंसा होते. आपण गृहस्थ, तेवढे आपल्याला जमणार नाही. पण २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचे सुमारे १० टक्के बर्फ वितळले. जे बर्फ पाहायला आपण धावतो, ते आपल्या धावण्यानेही थोडे वितळते. अपरिग्रह फक्त कपाटातल्या साड्यांना लागू नाही, पाहिलेल्या देशांच्या यादीलाही आहे. म्हणून यंदा मुलांनी सहलीचे पत्रक पुढे केले, तर देश मोजू नका. एका जागी किती रात्री आहेत, ते आधी विचारा.