नदींतला हिरा व चाळणी धरणारे हात

हिऱ्याची अंगठी पाहिली कीं आपण प्रथम किंमत विचारितों. तो खडा कोणीं व कसा काढला, हें विचारण्याची चाल आपणांत नाहीं. ती पडावी, असें मला वाटतें.

पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन देशाच्या कोनो प्रांतांत १९३० सालीं हिरे सांपडले. भूगर्भांतून वर आलेला खडक युगानुयुगें झिजला व त्यांतील हिरे नद्यांनीं वाहून नेऊन तळच्या वाळूगोट्यांत टाकले. मजूर वरची माती उपसतो, पाण्यांत उभा राहून ते गोटे चाळणींत गरगर फिरवितो, आणि मध्यभागीं गोळा झालेल्या जड खड्यांत हिरा शोधितो. बहुतेक दिवशीं नुसते दगडच हातीं येतात. परवाना व भांडवल दुसऱ्याचें. पुष्कळ मजूर रोजच्या भातावर आणि मिळालेल्या मालाच्या लहानशा वांट्यावर राबतात. खणलेले खड्डे तसेच सोडले जातात. त्यांत पाणी सांचून डांस होतात, आणि शेत गेलें तें गेलेंच.

१९९१ ते २००२ पर्यंत तेथें यादवी युद्ध चाललें. बंडखोरांनीं हिरे विकून शस्त्रें घेतलीं. पुढें २००३ सालीं ‘किंबर्ले योजने’चा दाखला सुरू झाला. उपाय चांगला, यांत शंका नाहीं. परंतु बंडखोरांच्या युद्धास पैसा पुरविणारा कच्चा हिराच तेवढा तो अडवितो. मजुराचें अर्धें पोट व उकरलेली नदी यांविषयीं तो मुका आहे.

कोणी म्हणतील, हिरा कारखान्यांसही लागतो. लागतो खरा, खडक भोंकण्यास व कांच कापण्यास त्यासारखें दुसरें साधन नाहीं. पण १९५४ सालीं अमेरिकेंत कृत्रिम हिरा बनविण्याची युक्ति साधली, आणि आज कारखान्यांतील बहुतेक सर्व हिरे कृत्रिमच असतात. तेव्हां नदी उकरली जाते ती मुख्यत्वें आपल्या दागिन्यांकरितां!

मग हिरा घेऊंच नये काय? तसें माझें म्हणणें नाहीं. तेणेंकरून त्या मजुराचा भातही जाईल. २०१७ सालीं कोनोंतील एक पाळक, इमॅन्युएल मोमो, यांच्या मजुरांस ७०९ कॅरेटचा हिरा सांपडला. त्यांनीं तो चोरून न विकतां सरकारच्या स्वाधीन केला. न्यूयॉर्क येथें उघड लिलावांत त्याचे ६५ लक्ष डॉलर आले, व त्यांतून गांवास पाणी, वीज व शाळा देण्याचें सरकारनें कबूल केलें. उघड्या व्यवहारांत निदान वांटा मागतां तरी येतो.

जगांतील बहुतेक हिऱ्यांस पैलू पडतात ते आपल्या शेजारीं, सुरतेस. तेव्हां पालकहो, लग्नाची अंगठी घेतेवेळीं जवाहिऱ्यास एवढेंच विचारा, ‘हा खडा कोणत्या देशाचा?’ पहिल्या दहांस उत्तर मिळणार नाहीं. अकराव्यासाठीं तो चौकशी करून ठेवील.