पाणी भरत होतो, पण जात कुठे होते?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मालेगावला खालाच्या मुलीचा निकाह होता. फज्रची नमाज झाली आणि आम्ही नंदाखालहून निघालो. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी, अंबाडी करत आग्रा रोडला लागलो. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले, माझी अम्मी आणि मागे आहेराच्या बॅगा. एसी चालू होता. शहापूर मागे पडेपर्यंत सगळे छान होते.

कसारा घाटाचा चढ लागला तेव्हा माझे लक्ष समोरच्या काट्यांकडे गेले. टेम्परेचरचा काटा एरवी मधोमध असतो, तो वर सरकत होता.

"अहो, हा काटा बघा."

"घाट आहे, होतेच असे. वर पोचलो की उतरेल."

याच घाटात बऱ्याच रेल्वेगाड्यांना मागून जादा इंजिन लावतात, मग आमच्या जुन्या गाडीला दम लागणारच, असे मलाही वाटले. दोन वळणे गेली आणि बोनेटमधून वाफ निघू लागली. डाव्या हाताला मोकळी जागा दिसली, तिथे गाडी उभी केली. अम्मीला आणि धाकटीला उतरवून रस्त्यापासून लांब बसवले. एवढ्यात माझा पंधरा वर्षांचा मुलगा ओला नॅपकिन हातावर गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवायला गेला.

"ए पोरा, हात नको लावू! तोंड भाजेल!"

मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडत धावत आला आणि त्याने मुलाचा हात धरून मागे ओढला. त्या भल्या माणसाचे नावही विचारायचे राहून गेले. अल्लाह त्याला सुखी ठेवो.

भगिनींनो, मी भाषा शिकवणारी बाई. गाडीचे यंत्र मला कळत नव्हते, पण कुकर कळतो. शिट्टी होत असताना आपण कुकरचे झाकण काढतो का? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये दाब असल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास जाते. गाडीच्या रेडिएटरचे झाकणही तसाच दाब धरून ठेवते. ते गरम असताना उघडले की दाब सुटतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ते उकळते पाणी कारंज्यासारखे थेट तोंडावर येते. ओल्या फडक्याने हात वाचला तरी डोळे वाचत नाहीत.

पाऊण तास आम्ही काहीच केले नाही. बोनेट हाताला थंड लागल्यावर झाकण आधी थोडेसे सैल केले, फुस्स आवाज थांबू दिला, मग काढले. आत पाणी दिसतच नव्हते. प्यायच्या बाटल्या हळूहळू ओतल्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो, म्हणून थांबणे हाच पहिला इलाज. एसी बंद ठेवून, काट्यावर नजर ठेवून आम्ही इगतपुरी गाठली.

तिथल्या मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी कधीपासून कमी होत होते?"

"दोन महिने झाले. दर आठवड्याला आम्ही भरत होतो ना."

"भरत होता ते ठीक. पण जाते कुठे, हे पाहिले का?"

मी गप्प बसले. वर्गात मुलांना हीच गोष्ट मी शिकवते, उत्तर पाठ करू नका, कारण शोधा. आणि घरी दर रविवारी लोटाभर पाणी ओतून मोकळी होत होते.

गाडीतले हे पाणी पेट्रोलसारखे जळून संपत नाही. इंजिनात पेट्रोल जळते, त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता हे पाणी उचलते. पंप ते फिरवतो, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात जाते. वाट बंदिस्त आहे. म्हणून पाणी वारंवार कमी होत असेल, तर ते कुठून तरी गळतेच आहे. आमच्या गाडीत खालचा होजपाइप क्लिपजवळ चिरला होता. गाडी उभी असताना थेंब पडत नव्हता, चढावर दाब वाढला की पिचकारी उडत होती.

दुसरी चूक खास आपल्या वसईची. आम्ही ओतत होतो ते घरच्या बोअरिंगचे पाणी. समुद्र जवळ, आणि जमिनीतले गोडे पाणी जास्त उपसले की खारे पाणी आत सरकते. आपल्या किनारपट्टीवरच्या विहिरींची ही रड जुनीच आहे. खाऱ्या पाण्याने जाळीचा धातू आतून खातो आणि जड पाण्याचा पांढरा थर किटलीत बसतो तसा जाळीत बसतो. नळ्या बुजल्या की पाणी असूनही निवत नाही. जाळीत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर हेच घालावे. कूलंट तयार मिळते का मिसळावे लागते, ते बाटलीवर वाचावे, आणि दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये.

आता गाडी कुठे तापते, त्यावरून दोष कुठे असेल त्याचा अंदाज बांधता येतो. वर्सोवा पुलाच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि गाडी पळाली की उतरते, तर आधी पंखा पाहावा. उभ्या गाडीला वारा देणारा तोच. त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर गेलेली असते. उलट मोकळ्या हायवेवर किंवा चढावर तापत असेल तर पाणी कमी, जाळी बुजलेली, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप कमजोर, यांपैकी काही असू शकते. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे छोटे दार; इंजिन गरम झाल्यावर ते उघडायला हवे.

एक खूण मात्र फार वाईट. ऑइलच्या कांडीवर किंवा झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. तापलेली गाडी "अजून थोडेच अंतर" म्हणत चालवली की हेच होते. होजपाइप आणि क्लिप शेकड्यांत येतात. हेड उतरवायचे झाले की खर्च हजारांत जातो.

काटा चढू लागला तर एसी लगेच बंद करा. थांबायला जागा नसेल तर गरम हवेचा हीटर पूर्ण सुरू करा; घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. जागा मिळताच थांबा, इंजिन बंद करा, माणसे उतरवा. पाणी पूर्ण संपले तर काटा कधी कधी अचानक खाली येतो, त्याला फसू नका.

आणि घरातली एक काळजी. बऱ्याच कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. ते शरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नका. सांडले तर लगेच धुवा. लहान मुले गोडाला भुलतात.

त्या दिवशी आम्ही मालेगावला पोचलो तेव्हा निकाह झाला होता, जेवणाची शेवटची पंगत चालू होती. खाला रुसली, मग सगळे ऐकल्यावर तिने नातवाचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि त्याला स्वतःच्या शेजारी जेवायला बसवले.

आता दर जुम्याला सकाळी, इंजिन थंड असताना, तोच मुलगा कूलंटच्या टाकीवरची रेघ पाहतो आणि वहीत तारीख लिहितो. रेघ खाली गेली तर बाटली आणायच्या आधी तो गाडीखाली वाकून बघतो.