वनांतील पंगत

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा दुसरा अंक सुरू होतो तो माढव्य विदूषकाच्या रडगाण्यानें. राजा दुष्यंत मृगयेस निघाला आहे आणि त्याचा हा ब्राह्मण मित्र नाइलाजानें त्याच्यामागून फरफटत आला आहे. भर उन्हांत रानोरान हिंडावें. झाडांचीं पानें पडून तुरट-कडवट झालेलें डोंगरी ओढ्यांचें पाणी प्यावें. जेवणास वेळेचा नेम नाहीं, आणि जेवण म्हणजे बहुतेक शुळावर भाजलेलें मांस. रात्रीं सांधे ठणकतात, आणि पहाटेस डोळा लागतो न लागतो तोंच पारध्यांचा गलबला त्यास उठवितो. सेनापति त्याच मृगयेचे गुण गातो. मेद झडतो, अंग हलकें होतें, चालत्या लक्ष्यावर नेम साधतो, असें तो सांगतो. परंतु जेवणाचा विषय तो काढीत नाहीं. शिकारीच्या तळावर खाण्यास वाण नव्हती. मात्र कोण कोणास वाढतो आणि कोण कोणासाठीं थांबतो, याचा त्या सबंध वर्णनांत पत्ता नाहीं.

हें चित्र मनांत ठेवून वनपर्व उघडावें. पांडवांचा वनवास हाहि एका अर्थीं बारा वर्षांचा शिकारीचा तळच होता. पांडव रानांत खात तरी काय होते, रानांत उगवलेलें कीं शेतांत पिकविलेलें, असें जनमेजय वैशंपायनास विचारतो. उत्तर तितकेंच सरळ आहे: रानांत उगवलेलें अन्न आणि शुद्ध बाणांनीं मारलेले मृग, मात्र तें अगोदर ब्राह्मणांस अर्पण करून. अर्जुन अस्त्रांसाठीं गेला असतां युधिष्ठिर पूर्वेस, भीम दक्षिणेस आणि नकुल-सहदेव पश्चिमेस व उत्तरेस मृगयेसाठीं जात. ब्राह्मणांस मृगमांस वाढलें हें वाचून आमच्या कांहीं वाचकांस संकोच वाटेल. पण ग्रंथ जें स्पष्ट सांगतो, त्याचा ओढूनताणून फलाहार करण्याची आम्हांस गरज दिसत नाहीं.

आमचें लक्ष वेधतो तो जेवण्याचा क्रम. पर्वाच्या आरंभीं धौम्य पुरोहिताच्या सांगण्यावरून युधिष्ठिर सूर्याची आराधना करतो, आणि पाकशाळेंत रांधलेलें फळ, मूळ, मांस व भाजी हें चतुर्विध अन्न बारा वर्षें अक्षय्य राहील, असा वर त्यास मिळतो. त्यापुढील दोन ओळींचा मजकूर मात्र कीर्तनांत क्वचितच ऐकूं येतो. प्रथम ब्राह्मण जेवत. नंतर युधिष्ठिर धाकट्या भावांस जेवूं घाली. त्यांचें झाल्यावर जें उरे, ज्यास शास्त्रांत ‘विघस’ म्हणतात, तें तो स्वतः खाई. आणि त्यास वाढून झाल्यावर द्रौपदी उरलेलें जेवी. वयानें वडील, पदानें राजा आणि स्वतः शिकार करून आलेला असा हा पुरुष भावांच्या अगोदर पानावर बसत नसे. त्या तळावर कोणी रोडावलेला, निस्तेज, दुबळा किंवा भ्यालेला दिसत नसे, असें वैशंपायन सांगतो.

आपल्याकडे या प्रकरणाची आठवण राहिली ती ‘द्रौपदीच्या थाळी’ची. दुर्वास ऋषि अवेळीं शिष्यांसह येतात, द्रौपदी जेवून उठलेली असते, आणि श्रीकृष्ण पात्रास चिकटलेलें भाजीचें पान खाऊन सर्वांस तृप्त करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली गेली व १९६६ सालीं पुरी झाली. तींत हें दुर्वासाख्यान मूळ संहितेंत न घेतां परिशिष्टांत दिलें आहे. जेवण्याचा वर सांगितलेला क्रम मात्र मूळ संहितेंतच आहे. चमत्कार आम्हीं पाठ केला आणि शिस्त विसरलों.

या शिस्तीची आणखी दोन अंगें आहेत. पांचहि भाऊ मृगयेस गेले असतां जयद्रथ आश्रमापाशीं येतो. त्याच्या मनांतील पाप ठाऊक नसलेली द्रौपदी त्यास न्याहारीसाठीं पन्नास मृग देऊं करते, आणि युधिष्ठिर परत आल्यावर आणखी देईल, असेंहि सांगते. दारीं आलेल्याचा वांटा धरूनच ती पाकशाळा चाले. दुसरें अंग याहून गंभीर आहे. द्वैतवनांत युधिष्ठिरास स्वप्न पडतें. उरलेसुरले मृग कांपत त्याजपुढें उभे राहतात आणि सांगतात कीं, तुझ्या भावांनीं आम्हांस बीजापुरतें ठेवलें आहे, आमचा वंश राहूं दे. सकाळीं उठून तो भावांस हें सांगतो आणि सर्व मंडळी द्वैतवन सोडून काम्यकवनांत जातात. ज्याच्या जिवावर आपलें पान भरतें, त्यासहि पंक्तींत मोजावें लागतें, हें राजानें स्वप्नांतून ओळखलें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पाट-रांगोळीच्या पंगती आज सणावारापुरत्या उरल्या आहेत. पण गौरी जेवावयास आल्या कीं जुना क्रम पुन्हां उभा राहतो. पुरुष व मुलें पहिल्या पंगतीस, लेकी-सुना शेवटच्या. तोंवर आमटी निवालेली, भजीं संपलेलीं आणि पुरणपोळ्या मोजक्या उरलेल्या. कोणी हळूच कांहीं बोललें, तर ‘द्रौपदीहि शेवटींच जेवी’ हें उत्तर तयार असतें. तें अर्धेंच खरें आहे. द्रौपदी ज्याच्यामागून जेवी, तो स्वतः सर्वांमागून जेवत असे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधारहि येथें उलटाच पडतो. नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांस अतिथींच्याहि अगोदर वाढावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि ब्राह्मण, आप्त व सेवक जेवल्यावर उरलेलें खावयाचें तें दंपतीनें, म्हणजे नवरा-बायको दोघांनीं. शेवटचें पान एकट्या गृहिणीचें, असें तेथें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

एकत्र कुटुंब टिकतें तें कर्त्या माणसाच्या धाकावर, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तें टिकतें तें, जो शेवटीं जेवतो त्याच्या पानांत काय पडलें, हें कर्त्यास ठाऊक असण्यावर. आणि तें ठाऊक होण्यास त्या पानाशेजारीं बसण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. येत्या सणास घरांतील वडील पुरुषानें पहिल्या पंगतीस वाढावयास उभें राहावें, दिवस राहिलेल्या सुनेस मुलांबरोबर अगोदर जेवूं घालावें, आणि स्वतः घरच्या गृहिणीसमवेत शेवटच्या पंगतीस बसावें. भांड्यांत त्या वेळीं किती उरलें आहे, तें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. पुढच्या सणास पुरण किती शिजवावयाचें, हें त्यास कोणीं सांगावें लागणार नाहीं.