आपले मत शोधले, आता आमदाराचे मत शोधा

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने सगळ्या देशाला एक प्रश्न विचारला : आमचे मत गेले कुठे? गावाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान थांबले. प्रश्न मात्र थांबला नाही. अकलूजमधून आम्ही आज त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो आहोत : निवडून गेल्यावर आमदाराचे मत जाते कुठे?

उत्तर सोपे आहे, पक्ष सांगेल तिकडे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. व्हिप मोडून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. हेतू घोडेबाजार रोखण्याचा होता. झाले काय? शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्या, आणि २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही पक्षांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. म्हणजे गट करून सत्तेकडे गेलेला सुटतो आणि एकट्याने विधेयकाविरुद्ध उभा राहणारा अडकतो.

आता १० जुलै २०२५ आठवा. जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. तरीही विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. उघड विरोध नोंदवला तो माकपचे विनोद निकोले यांनी. आवाजी मतदानात कोणाचे नाव नोंदले जात नाही. मतविभागणी झाली तरच कोण कुठे उभा होता ते कळते. मग चळवळीतल्या कार्यकर्त्याने आपल्या आमदाराला जाब विचारायचा तो कशाच्या आधारावर?

हा प्रश्न आपल्याला जास्त टोचला पाहिजे. २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २००९ पासून आमचा माळशिरसही राखीव आहे. आमदार बदलले, पक्षही बदलले. पण राखीव जागेवर उमेदवार आपला असला तरी तिकीट पक्षाचे आणि बहुसंख्य मते इतरांची असतात. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले तेव्हाच ही गाठ बसली. कांशीराम यांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले ते याच दुखण्यावर. व्हिपने त्या गाठीला वरून कुलूप लावले.

काही मित्र म्हणतील, शिस्तीशिवाय पक्ष चालेल का? लोक मत देतात ते चिन्हाला. मुद्दा बरोबर आहे. निकोलेही आपल्या पक्षाच्या भूमिकेनेच बोलले, आणि डहाणूची त्यांची जागाही राखीवच आहे. म्हणजे शिस्त हा दोष नाही. ती शिस्त कोणाच्या कामी येते, हा खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. स्वतःचा पक्ष होता म्हणूनच मुंबई विधिमंडळात त्यांना खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडता आले. १९३८ चे औद्योगिक कलह विधेयक काँग्रेसच्या बहुमताने मंजूर झाले, पण बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत कामगारांचा संप उभा केला. बहुमत नव्हते, पण मत लपवलेले नव्हते.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. नागरिकांच्या हक्कांवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान व्हावे आणि ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर यावे. आणि व्हिप विश्वासदर्शक ठराव, अविश्वास ठराव व अर्थसंकल्प एवढ्यापुरताच राहावा. सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ च्या किहोटो होलोहन निकालात व्हिपची व्याप्ती मर्यादित असावी असेच म्हटले होते.

कायदा बदलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे का? प्रत्येक राखीव मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांनी एक वही करावी. अधिवेशन संपले की आमदारांकडे जावे आणि एकेका विधेयकाचे नाव घेऊन विचारावे : साहेब, तुम्ही हो म्हणालात की नाही? उत्तर तारखेसह लिहावे आणि बुद्धविहारात, वस्तीत वाचून दाखवावे. ‘पक्षाचा आदेश होता’ हे उत्तर आले तर तेही लिहावे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला आले की तीच वही पुढे करावी.

१४ एप्रिलला पुतळ्याला हार घालणारे हात आपण दरवर्षी पाहतो. तेच हात सभागृहात कशासाठी वर होतात, तेही पाहायला शिकू.

जय भीम!