आदिवासी लेक हरवली, यंत्रणा गप्प!

पवईत आयआयटी आहे आणि तिला लागूनच पेरूबागचा आदिवासी पाडा. टेकडीपलीकडे आरेतले वारली, कोकणा, मल्हार कोळींचे पाडे. इथली मुलगी उद्या बेपत्ता झाली तर आईच्या वाट्याला काय? पोलीस ठाण्यातला बाक आणि 'पळून गेली असेल' हा टोमणा!

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० महिला आणि १३,०३३ अल्पवयीन मुली बेपत्ता झाल्या. केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत दिलेले हे आकडे. अनेकजणी परतही येतात, हे खरे. पण यांत आदिवासी किती, दलित किती? तो रकानाच नाही! पावलोपावली जात विचारणाऱ्या व्यवस्थेला नेमकी इथेच जात दिसत नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये बेपत्ता मूलनिवासींसाठी स्वतंत्र इशारा यंत्रणा सुरू केली. महामार्गावरच्या फलकांवर वर्णन झळकते, माध्यमांना तत्काळ कळवले जाते. आपल्याकडे साधने नाहीत, असे कोणी सांगू नये. २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली तेव्हा झोपडीतलेही मोबाईल कर्कश वाजले होते.

मूल हरवले की गुन्हा नोंदवा, अपहरणच समजा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. अठरा ओलांडलेल्या मुलीला मात्र हे कवच नाही. तिची नुसती 'मिसिंग' नोंद. प्रत्येक नोंदीला भोंगा वाजवा, असे आम्ही म्हणत नाही. धोका दिसताच इशारा द्या आणि नोंदीत जमात लिहा. विधानसभेत राखीव जागांवरचे ५४ आमदार बसतात. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोण विचारणार?