कापाकापी झेरॉक्सवर करावी

बँकेत लागून मला चोवीस वर्षं झाली. बी.कॉम.ला शिकलेलं बहुतेक सगळं विसरलो, पण नोकरीत एक शास्त्र मात्र पक्कं झालं. मूळ कागदाला हात लावायचा नाही. सह्या, शिक्के, आडव्या रेघा, 'फक्त गृहकर्जासाठी' ही अक्षरं, साहेबांच्या चहाचा डाग, जे काय व्हायचं ते झेरॉक्सवर. मूळ प्रत बघायची, झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' म्हणून शिक्का हाणायचा आणि मूळ प्रत ज्याची त्याला दोन्ही हातांनी परत करायची. एकदा नवीन लागलेल्या एका पोराने एका आजोबांच्या मूळ खरेदीखताला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडली. आजोबा काही बोलले नाहीत. भोकाला डोळा लावून नुसते त्या पोराकडे बघत राहिले. त्या पोरानं नंतर बदली मागून घेतली.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. ताईचा मुलगा. कॅलिफोर्नियात असतो. गेल्या महिन्यात आमच्या रात्री साडेनवाला, म्हणजे त्याच्या सकाळी नवाला, त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, हे बघ काय आणलंय!"

बघितलं, तर गॅरेजमध्ये चार लोखंडी घोड्यांवर एक गंजका सांगाडा. मला वाटलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं स्टँड असावं.

"मामा, ड्यूस आहे ही!"

मी आधी 'ज्यूस' ऐकलं. मग त्यानं सगळं समजावलं. ड्यूस म्हणजे दुर्री, म्हणजे 1932 सालची फोर्ड. तो सांगाडा म्हणजे तिची चॅसी. बॉडी भिंतीशी उभी होती. आणि या दोघांची मिळून त्याला हॉट रॉड करायची होती. ज्यांना भाचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, तिचं नको ते सामान उतरवायचं, तिला जमिनीलगत आणायची आणि तिच्यात तिच्या वयाला न शोभणारं इंजिन बसवायचं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. आमच्या शाखेत रिटायरमेंटनंतर केस काळे करून आलेले लोक मी पाहिलेत. तक्रार पुढे आहे.

तुम्ही चारचाकीसाठी कर्ज काढलं असेल, तर चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासलेला तो ठसा तुम्ही पाहिला असेल. बँकेच्या लेखी गाडी म्हणजे तो ठसा. रंग बदलेल, टायर बदलतील, नवराही बदलेल, नंबर तोच. या फोर्डचा नंबरही चॅसीच्या डाव्या बाजूवर वरच्या अंगाला ठोकलेला आहे. आणि ही चॅसी साधीसुधी नाही. फोर्डनं सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन घातलं ते 1932 साली, मंदीच्या ऐन भरात. 221 घनइंचाचं, 65 अश्वशक्तीचं. त्या एका सालासाठी ही चॅसी घडवली. पुढच्याच वर्षी नवी आली आणि चाकांमधलं अंतर 106 इंचांचं 112 झालं. आधीच्या मॉडेल ए गाडीला चॅसीवर पत्र्याचा पडदा असे. हिच्या दोन्ही लांब बाजू मात्र बाहेरून उघड्या दिसतात आणि त्यांवर एक लांबलचक उठावाची रेघ दाबून काढली आहे. म्हणजे जो सांगाडा लपवायचा तोच दागिन्यासारखा मिरवलेला. एका वर्षाचा माल. आता वाढायचा नाही. कमीच व्हायचा.

आणि आमचा भाचा तिला कापणार होता.

त्याच्या दोन कामांपैकी पहिल्याला माझी हरकत नाही. त्या लांब बाजू उघड्या पन्हळीसारख्या आहेत, तीन अंगं बंद, चौथं मोकळं. पासष्ट घोड्यांना ते पुरलं. पण तीनशे घोडे जुंपले तर चॅसी पिळवटते. खोटं वाटत असेल तर मिठाईचा रिकामा खोका झाकण काढून पिळून बघा आणि मग झाकण लावून पिळा. म्हणून चौथ्या अंगाला पोलादी पट्टी जोडतात. त्याला तिकडे बॉक्सिंग म्हणतात. सगळी चॅसी सपाट टेबलावर आवळायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घ्यायची, दोन्ही जुळली की वेल्डिंगचे छोटे छोटे टाके घालायचे, एक इकडे, एक तिकडे. एका दमात शिवण मारली तर उष्णतेनं लोखंड वाकडं होतं. हे त्यानं सांगितलं तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. आमच्या शाखेत बॅलन्ससुद्धा इतक्यांदा ताडून बघत नाहीत. जोड देणं म्हणजे एक वेळ मूळ कागदाच्या समासात पेन्सिलीनं केलेली टीप समजू.

पण दुसरं काम! मागच्या चाकांच्या पुढे चॅसी आरपार कापायची, मागचा तुकडा काही इंच वर उचलायचा आणि मध्ये उभा तुकडा जोडायचा. बाजूनं झेड अक्षर दिसतं. कशासाठी, तर गाडी खाली बसावी. जमीन तिकडे सपाट आहे म्हणून हे लाड. आमच्या गल्लीत ती पहिल्याच गतिरोधकावर देह ठेवील.

"अरे, एकशेसहा इंच जसंच्या तसं मिळालंय आणि तू ते कापणार?"

"मामा, ही परंपरा आहे."

हा शब्द ऐकला की मला राग येतो, कारण ज्याला उत्तर नसतं तो परंपरा काढतो. मीही थोडं वाचलंय. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्या हलक्या करून मुरॉकच्या आणि एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पळवायची. त्यांची संघटना 1937 ची. महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी हा नाद वाढवला आणि जानेवारी 1948 मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं. मान्य. पण 1948 साली बत्तीसची फोर्ड किती वर्षांची होती? सोळा! आमच्या कॉमर्सच्या भाषेत घसारा काढून खातेवहीत तिची किंमत एक रुपया. त्या पोरांच्या खिशात पैसे नव्हते, अंगणात भंगार होतं, त्यांनी ते कापलं. ती काटकसर होती. आज तेच लोखंड नव्वदी ओलांडून गेलंय, घसारा उलटा फिरलाय आणि आमचे चिरंजीव ते डॉलर मोजून आणून कापतात. आजोबांनी गरिबीत धोतर फाडून पंचे केले म्हणून नातवानं पैठणी फाडून पायपुसणी करायची, याला परंपरा म्हणत नाहीत.

बरं, झेरॉक्स मिळत नाही म्हणावं तर तेही नाही. 1932 च्या नमुन्याची कोरी चॅसी तिकडे तयार मिळते. तीच मापं, तीच उठावाची रेघ, चौथं अंग आधीच बंद केलेलीसुद्धा. तिचा झेड करा, वाय करा, बाराखडी करा. वर बॉडी चढवल्यावर फरक ओळखणारे लोक फार थोडे आणि ते वाकून बघतात.

"पण मामा, ती खरी नाही ना!"

"आणि कापलेली खरी?"

इथे तो गप्प झाला. मग हळूच खरं कारण बाहेर आलं. नवी चॅसी घातली की कागदोपत्री गाडी घरी जुळवलेली ठरण्याची शक्यता. त्याला कागदावर 1932 हवं होतं. बघा म्हणजे. साल हवं, त्या सालचं लोखंड नको. वाड्याचं नाव इमारतीला द्यायचं आणि वाडा पाडायचा, तशातला प्रकार. आपल्याकडे निदान नियम तरी सरळ आहे : 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, पण गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चॅसीत मोठा फेरफार चालत नाही. तिकडे स्वातंत्र्य जास्त. स्वातंत्र्य असलं की करवत वापरलीच पाहिजे, असं मात्र कुठल्या घटनेत लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

गैरसमज नको. काचेच्या पेटीतल्या, फक्त पुसल्या जाणाऱ्या गाड्यांचा मी भक्त नाही. गंजून चाळण झालेली, आधीच कुणीतरी गॅसनं तोडलेली चॅसी असती तर म्हटलं असतं, काप बाबा. पण याची धड होती. नंबरासकट, मूळ रिव्हेटांसकट.

आता मी एवढा तावातावानं का बोलतोय, हे ताईला बरोबर कळलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "पलंगाचं सांगितलंस का त्याला?"

पलंग आमच्या आजोबांचा. शिसवी. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तो लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. सुतार म्हणाला, पाय चार बोटं उतरवतो, मधली आडवी पट्टी काढतो, लांब बाजू मधोमध कापून बिजागऱ्या लावतो, साहेब, कळणारसुद्धा नाही. मी हो म्हटलं. मीच. मूळ कागदाला हात न लावणारा. पलंग वर आला. पण त्या मधल्या पट्टीनंच तो ताठ होता, हे पहिल्या रात्री कूस बदलल्यावर कळलं. तेव्हापासून तो कुरकुरतो. आजोबा त्यावर साठ वर्षं झोपले, एकदाही आवाज आला नव्हता. लिफ्टला पर्याय होता, दोर लावून गॅलरीतून चढवायचा. हमाल हजार रुपये जास्त मागत होते.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. परवा त्याचा मेसेज आला : चॅसी अजून घोड्यांवरच आहे, नवीचे भाव काढतोय. आणि खाली : मामा, पलंगाचे कापलेले पाय आहेत का रे अजून?

आहेत. दोन माळ्यावर आहेत, दोन कूलरखाली.